भिंत मागे येते, त्याला मी काय करू?

मधुकर वाघमारे हा मी पाहिलेला सर्वांत भित्रा माणूस. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले होते. ते रागावले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले, "पण जरा हळू बोल. भिंती पातळ आहेत."

भिंती पातळच होत्या. भिवंडीत, नारपोलीतल्या त्या इमारतीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर लोक म्हणतील, ती एक तेवढी खराब होती. तशा कितीतरी आहेत. खाली लूमचा कारखाना, वर तीन मजले बिऱ्हाडं. खाली आडवं सूत नेणारा धोटा आपटतो, वर कपातल्या चहावरची साय थरथरते. पाहुण्याला पहिल्या दिवशी मळमळतं. राहणाऱ्याला काही होत नाही. उलट लाइट गेली आणि लूम थांबले, की तान्ही पोरं दचकून रडायला लागतात.

मी त्यांच्या दारात पहिल्यांदा गेले ती आमच्या भाडेकरू समितीचं पत्रक घेऊन. 'मरण्याआधी जागे व्हा!' असा मथळा, माझाच. काकांनी पत्रक दोन बोटांत धरलं, मथळ्यापासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचलं, छान चार घड्या घातल्या आणि मला परत दिलं.

"ठेवा ना काका."

"वाचलं की. घरात नको."

"का?"

"कोणी आलं आणि दिसलं तर?"

आतून शोभाकाकूंचा आवाज आला, "अहो, घ्या ते! पिठाच्या डब्याखाली घालायला होईल." मग त्या स्वतःच बाहेर आल्या, माझ्या हातातला सगळा गठ्ठाच बघितला आणि म्हणाल्या, "पत्रकवाले, चहा घेणार का? यांच्याशी बोलून तुझा घसा सुकेल. हे पंख्याखाली पण बसत नाहीत."

खरंच बसत नव्हते. खुर्ची पंख्यापासून हातभर लांब. दुकानाच्या पाटीखालून ते कधी चालले नाहीत, रस्त्याच्या मधून चालायचे आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खायचे. घरातून निघताना गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून परत यायचे, मग कुलूप ओढून बघायचे, मग परत गॅस. झोपताना चपला उशाशी, पायात घालायच्या दिशेने लावलेल्या. मजल्यावरच्या पोरांना ते एक खेळ खेळायला लावायचे: डोळे मिटायचे आणि भिंत चाचपत जिना शोधायचा. जो आधी पोहोचेल त्याला श्रीखंडाची गोळी. पोरांना वाटायचं काका मजेशीर आहेत.

आडनावावरून तर सगळ्यांना आयतं खाद्य मिळालेलं. तिसऱ्या मजल्यावरचा किरण रिक्षा चालवायचा. तो जिन्यात भेटला की म्हणायचा, "वाघमारे, एकदा झुरळ तरी मारून दाखवा." काका हसायचे आणि बाजूला होऊन वाट द्यायचे. ते सगळ्यांनाच वाट द्यायचे.

नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात केली. जुन्या ट्रंक कॉलच्या दिवसांत ते ऑपरेटर होते. कॉल जोडायचा आणि कान काढून घ्यायचा, हा तिथला नियम. तो नियम त्यांनी घरीही पाळला, इमारतीतही पाळला. समितीच्या मीटिंगला यायचे, दाराजवळ बसायचे, ऐकायचे, जायचे. सही मागितली की पेन सापडत नसे. मी संतापायचे. अशा माणसांच्या जिवावरच मालक लोक गबर होतात, असं मी एका पत्रकात लिहिलंही होतं. तेसुद्धा त्यांनी शेवटपर्यंत वाचून, घडी घालून परत दिलं.

या माणसाला आयुष्यात एकच शौक होता. फोटो.

कॅमेरा काकूंच्या भावाने दिलेला. तो बोटीवर होता, कुठल्याशा बंदरात घेतला आणि बहिणीच्या लग्नात भाऊजींच्या हातात ठेवला. तळहातावर मावणारा, जड, कडा घासून आतलं पितळ दिसायला लागलेलं. भिंगाभोवती मधाच्या पोळ्यासारखी दाणेदार काच. ती उजेड मोजायची. बॅटरी नाही, सेल नाही. भिंगाच्या कड्यावर इंग्रजी 'ए' होता. काटा 'ए'वर ठेवला की किती उजेड आत घ्यायचा ते कॅमेरा स्वतः ठरवायचा. आपण फक्त समोरचा माणूस किती लांब आहे ते सांगायचं, आणि त्यासाठी चित्रं होती: एक डोकं, दोन डोकी, घोळका, डोंगर. हौशी लोकांसाठी बनवलेला, ज्यांना फोटोग्राफीतलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

"याच्यासारखा कॅमेरा नाही," काका सांगायचे. "माणसाच्या हातून चूक होत नाही. कारण माणूस काही करतच नाही. तो ठरवतो, मी बटण दाबतो."

उजेड कमी असला तर तो कॅमेरा फोटो काढायचाच नाही. बटण अडायचं आणि बघायच्या खिडकीत खालून लाल जीभ वर यायची. काकांना त्याचं हे फार आवडायचं. "बघ, नाही म्हणतो," ते मला दाखवायचे. "स्पष्ट नाही म्हणतो. आपल्याला जमतं का असं?"

रोल त्यांची मुलगी बदलापूरहून आणून द्यायची, धुवायला ठाण्याला न्यायची. मोबाइलचे फोटो सगळ्यांकडेच होते, पण इमारतीत वाढदिवस, सुंता, बारसं, पास झालेलं पोरगं, काहीही असलं की काका हवेतच. त्यांचा फोटो कागदावर यायचा आणि अल्बममध्ये राहायचा. फुकट काढायचे. फक्त एक हट्ट. फोटोआधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवायला लावायचे. "चमकतं ते. फोटो खराब होतो."

आता कॅलेंडरांचं सांगते. त्या इमारतीत प्रत्येक घरात चार-पाच कॅलेंडरं होती. किराणावाल्याचं, बँकेचं, दर्ग्याचं, बाबासाहेबांचं, मागच्या सालचं, त्याच्या मागच्या सालचं. मला आधी वाटलं लोकांना आवड आहे. मग कळलं. भेग दिसली की त्यावर कॅलेंडर. भेग लांबली की कॅलेंडर खाली सरकवायचं, त्याच्या वर दुसरं. दिवाळीला, ईदला बायका स्वतः पुट्टी लावून भेगा बुजवायच्या आणि वरून रंग. पाहुणे येतात, बरं दिसत नाही! पावसाळा आला की भेग रंग फोडून परत वर. भेगेची लाज वाटायची, भीती नाही. हे माझ्या समितीला पत्रकं वाटून वाटून कळलं नव्हतं.

मला ते कळलं रिझवानाभाभींच्या घरी. त्यांचे मियाँ हनीफभाई, खालच्या कारखान्यात मुकादम. भाभी मला त्यांच्या सबाचा अल्बम दाखवत होत्या. दर वाढदिवसाला काकांनी सबाला त्याच भिंतीपाशी, लाइटच्या बटणाजवळ उभं केलेलं. पहिल्या फोटोत ती भाभींच्या कडेवर. मागे भिंतीवर केसासारखी एक रेघ. पुढच्या फोटोत सबा स्वतःच्या पायावर उभी, रेघ बटणापर्यंत आलेली. मग सबाचे दात पडलेले, रेघ बटण ओलांडून खिडकीकडे निघालेली. शेवटच्या फोटोत सबा शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, दोन वेण्या. तिच्या कानामागून जी भेग गेली होती तिच्यात बोट गेलं असतं.

भाभी म्हणाल्या, "देखो, कितनी जल्दी बड़ी हो गई."

मी दुसऱ्या घरी गेले, तिसऱ्या घरी गेले, अल्बम मागितला. सगळीकडे तेच. पोरं वाढत होती आणि पोरांच्या मागे भिंत फाटत होती. सगळे फोटो एकाच अंतरावरून, एकाच जागी उभं राहून काढलेले. लोकांनी ते काचेच्या फ्रेममध्ये लावून देव्हाऱ्याशेजारी ठेवले होते.

मी धावत काकांकडे गेले. "तुम्हाला माहीत होतं!"

"काय?"

"भेगा. इतकी वर्षं तुम्ही भेगांचे फोटो काढताय."

ते घाबरून उठले, दार लोटून आले. "मी पोरांचे फोटो काढले."

"आणि मागची भिंत?"

"भिंत मागे येते, त्याला मी काय करू?"

शोभाकाकू तांदूळ निवडत होत्या. ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "बोलायला छाती लागते. यांच्या छातीच्या जागी तो डबा लटकतो."

त्या पावसाळ्याआधी पालिकेने इमारतीवर धोकादायकची नोटीस डकवली. मालकाचा माणूस येऊन सांगून गेला, खालचे खांब दुरुस्त केलेत, घाबरू नका. दुरुस्ती म्हणजे काय, तर खांबांना चारी बाजूंनी पत्रा गुंडाळून वर हिरवा ऑइलपेंट. मालकाला लूमचं भाडं हवं होतं, म्हणून इमारत रिकामी व्हायला नको होती. आणि भाडेकरूही हलायला तयार नव्हते. का, ते समजून घ्या, बाहेरच्यांना ते मूर्खपणाचं वाटतं. खोली सोडली की खोली गेली. पुन्हा आत घेऊ असं लिहून कोणी देत नाही. माणूस दोन भीतींच्या मधे उभा होता आणि छत डोक्यावर पडायची भीती त्यातली लहान होती.

गच्चीवर मीटिंग झाली. मी घसा फोडून बोलले. वळ गावातून लेकीकडे राहायला आलेल्या पाटील आजी पुढे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, तू सांगतंस ता बरोबर हाय. पन मी जाव खय? गावची जमीन गोडावनात गेली. आता ही खोली बी जाव दे?" माझ्या पत्रकात या प्रश्नाच्या जागी नेहमी उद्गारचिन्ह असतं.

पालिकेचा माणूस फाटकातून बघून गेला होता. तो मला म्हणाला, वरच्या भेगा जुन्या प्लास्टरच्या असतात, खालच्या खांबाचं काही दाखवा, तर आज पाठवतो गाडी. पण खाली मला कोण सोडणार? पत्रकं वाटल्यापासून कारखान्याच्या दारात मला बंदी होती.

काकांना बंदी नव्हती. त्यांना कुठेच बंदी नव्हती. वाघमारेंना आत घेतल्याने कोणाचं काय बिघडणार? हनीफभाईंच्या थोरल्या मुलीच्या निकाहचे फोटो त्यांनीच काढले होते.

मी मागे लागले. त्यांनी नाही म्हणायचंही टाळलं. बघू म्हणाले, प्रकृती बरी नाही म्हणाले, रोल संपलाय म्हणाले. शेवटी एका गुरुवारी काकूंनी कॅमेरा खुंटीवरून काढला आणि त्यांच्या गळ्यात अडकवला.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. शुक्रवार म्हणजे सुखाचा दिवस असं सगळे मानायचे. इमारत हलत नाही, कपात चहा शांत. साखरपुडे, बारशी शुक्रवारी. पोरं जिन्यात खेळायची, म्हाताऱ्या दुपारभर झोपायच्या. सगळ्यांचा पक्का समज होता की धोका लूमच्या हादऱ्यात आहे, म्हणजे आज धोका नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजनंतर आम्ही खाली गेलो. हनीफभाईंनी दारात मला अडवलं. "ये क्यों?"

"रोल धरायला," काका म्हणाले.

"मोबाइल बाहर रखो. और चाचा, ये खिलौना ले के फोटू किसका निकालोगे, खंबे का?" ते हसले. "चलो, पाँच मिनट."

आत अंधार. बंद लूम ओळीने उभे, त्यांच्यावर सुताची पिंज. मधला खांब हिरवा, पत्र्याचा, नवरीसारखा चकचकीत. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बटण अडलं. ते दोन पावलं सरकले. पुन्हा अडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर सुटका होती. "नाही म्हणतोय. लाल आलं. चल."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनीच हात वर केला. ऑपरेटरचा हात. ते ऐकत होते.

मलाही ऐकू आलं. पत्र्याच्या आत काहीतरी सांडत होतं. डब्यात तांदूळ ओततो तसं. थोडं सांडायचं, थांबायचं, पुन्हा सांडायचं. खांबाच्या बुडाशी पत्रा पोटासारखा फुगला होता, आणि त्याच्या जोडातून बारीक वाळू जमिनीवर येऊन तिचा एक लहानसा सुबक ढीग झाला होता.

आठवडाभर लूमच्या आवाजात हे कोणाला ऐकू येणार? आणि शुक्रवारी इथे असतं कोण!

हनीफभाईंचं हसू गेलं. "ये कब से?" ते स्वतःलाच विचारत होते. तो खांब त्यांच्या घराच्या बरोबर खाली होता.

काकांनी कड्यावरचा काटा धरला आणि 'ए'वरून फिरवला, सगळ्यात जास्त उजेड आत घेणाऱ्या आकड्यावर नेला. मग कॅमेऱ्याला काही विचारायचं उरलं नाही. पण अशा वेळी त्याचं भिंगामागचं झाकण हळू उघडतं, हात हलला तर फोटो गेला. त्यांनी सूत गुंडाळलेल्या जाड बीमवर कॅमेरा टेकवला, श्वास कोंडला आणि दाबलं. बाजूला जाऊन पुन्हा दाबलं. बुडाशी बसून पुन्हा.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "फोटो धुऊन येईपर्यंत वेळ नाही. तू पालिकेला फोन लाव. वाळू पडतेय सांग. माझं नाव सांग."

"तुमचं?"

"वाघमारे, पहिला मजला. लाव."

"आणि वरच्यांना? ओरडू का मी?"

"तू ओरडलीस तर कोणी येणार नाही. तू रोजच ओरडतेस. मी घाबरलोय म्हटलं तर हसतील. मी रोजच घाबरतो." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ग्रुप फोटो."

आणि तो माणूस, ज्या इमारतीत आत वाळू सांडते आहे त्या इमारतीचा जिना चढला. दारोदार गेला. "चला, मैदानात. सगळ्या बिल्डिंगचा फोटो काढायचाय. रोलमध्ये थोडेच उरलेत. आत्ता, लगेच." हनीफभाई मागून ओरडत होते, "चलो चलो, सब चलो, चाचा बुला रहे हैं." ते कारण सांगत नव्हते. त्यांच्या गळ्याच्या शिरा मला खालून दिसत होत्या.

लोक आले. पण कसे! फोटो म्हटल्यावर माणूस तसाच येतो का? रिझवानाभाभींनी सबाच्या वेण्या सोडून परत घातल्या. कोणी पावडर लावतंय, कोणी इस्त्री शोधतंय. पाटील आजींना लुगडं बदलायचं होतं. मी फाटकात उभी राहून डोकी मोजत होते आणि प्रत्येक वेळी चुकत होते. काका आजींच्या दाराबाहेर उभे, "आजी, छान दिसताय, चला," आणि आतून, "थांब रं मधू, निऱ्या न्हाय बसत." त्या निऱ्या बसेपर्यंतचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही.

समोरच्या शाळेच्या मैदानात सगळे आले. उंच मागे, पोरं पुढे. मग काकांनी वेळ काढायला सुरुवात केली. त्यांना बटण दाबायचंच नव्हतं. दाबलं की लोक घरी जाणार.

"सबा, इकडे ये. नाही, तिकडे. आजी, पदर. किरण, गॉगल काढ. ऊन डोळ्यांत येतंय, सगळे जरा वळा. आता परत वळा."

"आरं काढ न रं, माजा पाय दुखतंय," आजी म्हणाल्या.

"काका, रोल आहे ना नक्की?" किरण ओरडला. लोक हसले. "मी रिक्षाची चावी घेऊन येतो, तोपर्यंत तुमचं होईल." आणि तो फाटकाकडे निघाला.

"किरण, थांब."

तो थांबला नाही.

"किरण!"

हा आवाज कोणाचा ते क्षणभर कोणालाच कळलं नाही. काकूसुद्धा वळून बघायला लागल्या. "आत जायचं नाही. कोणीच जायचं नाही. खांब आतून फुटलाय. मी बघून आलोय. मी ऐकून आलोय. फोटो नाहीये, मी खोटं बोललो. आता मला मारा, पण आत जाऊ नका."

किरण माघारी आला तो त्यांची कॉलर धरायलाच. हनीफभाई मधे पडले, "सच है. अल्ला कसम सच है." गाडी आली ती संध्याकाळ व्हायच्या आधी. पालिकेच्या माणसांनी पत्रा कापला. फाटक्या पोत्यातून साखर यावी तसा खांब बाहेर आला. आत गंजलेल्या सळ्या, बाकी काही नाही. इमारतीला सील लागलं. सगळ्यांची रवानगी शाळेच्या हॉलमध्ये.

इथे पत्रक संपतं. आयुष्य संपत नाही.

इमारत पडली नाही. दुसऱ्या दिवशी पडली नाही, तिसऱ्या दिवशी पडली नाही. हॉलमध्ये संडासाला रांग, स्टोव्हचा धूर, पोरांची परीक्षा तोंडावर. रोज सकाळी लोक बाहेर येऊन समोर बघायचे आणि ती उभी असायची. मग काकांकडे बघायचे. मालकाने खाली लोखंडी टेकू लावले, नवा पत्रा, नवा रंग. एक दिवस त्याचा माणूस हॉलच्या दारात येऊन म्हणाला, "आता पक्की झाली. आज संध्याकाळपर्यंत जे परत येतील त्यांची खोली राहील. बाकीच्यांचं मला माहीत नाही. एका वाघमारेच्या भीतीवर किती दिवस शाळेत झोपणार?"

सर्वांत जास्त शोभाकाकू बोलल्या. "माझं अर्धं आयुष्य त्या खोलीत गेलं. माझी भांडी आत आहेत, माझ्या आईचा पाट आत आहे. यांना काय, यांना कुठेही भीतीच वाटणार." काका त्यांच्या शेजारी बसून खाली बघत होते.

पुढचं आधीच सांगून टाकते. ती इमारत आज नाही, पालिकेने पाडली, आणि तेव्हा ती रिकामी होती. पाडणारे सांगतात, मागची बाजू हात लावायच्या आधीच खाली बसली. खोल्यांचा दावा अजून चालू आहे. काकाही आज नाहीत. त्या संध्याकाळनंतर मुलगी त्यांना बदलापूरला घेऊन गेली आणि तिथे ते फार दिवस जगले नाहीत. फोनवर बोललो, भेट झाली नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या संध्याकाळी, इमारतीच्या जिन्यात.

लोक गाठोडी घेऊन निघाले होते. सील किरणने तोडलं. मी आडवी आले तर मला ढकललं. आणि फाटकातून आत गेलेला घोळका जिन्यापाशी जाऊन अचानक थांबला.

पहिल्या पायरीवर काका बसले होते. बाजूच्या खिडकीतून आत शिरले असावेत. पाठ कठड्याला, पाय लांब करून समोरच्या भिंतीला टेकवलेले. जिना अरुंद. वर जायचं तर त्यांना ओलांडूनच जावं लागणार होतं. ते घामाने भिजले होते, दात वाजत होते. वर, त्यांच्या डोक्यावर, जिन्याचा तो स्लॅब होता ज्याच्याखालून ते रोज पळत जायचे.

"मधू, पाय घे," पाटील आजी म्हणाल्या.

"नाही घेत."

"मी तुना ओलांडू काय रं?"

"ओलांडा आजी."

आजी गाठोडं घेऊन तशाच उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरून पाय टाकायचा! पाय उचलला गेला नाही. मागून कोणी ओरडलं, चला ना पुढे. आजी म्हणाल्या, "जित्ता मानूस कसा ओलांडू? तू ये नि ओलांड." कोणी पुढे आलं नाही. हनीफभाईंनी सबाला उचलून घेतलं आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"ओलांडायचं कशाला, उचलूनच ठेवतो," म्हणत किरण पुढे आला. त्याने काकांच्या काखेत हात घातला. काकांनी कठडा घट्ट धरला. किरणने ओढलं, आणि कठडा बुडापासून सुटून हातभर बाहेर आला. वरून मोठा पोपडा सुटला, दोघांच्या मधे फुटला. किरण उडी मारून मागे गेला, सगळा घोळका मागे गेला. काका तिथेच. केस चुन्याने पांढरे झालेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. ते ओरडतही नव्हते. "आज नको," एवढंच म्हणत होते. "आज नको. आज नको."

मागून वाट काढत शोभाकाकू आल्या. हातात गाठोडं, पदर खोचलेला. सगळ्यांना वाटलं, आता या त्यांना बखोटीला धरून बाहेर काढणार. मलाही वाटलं. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या, वर स्लॅबकडे बघितलं, खाली नवऱ्याकडे बघितलं. गाठोडं माझ्या हातात दिलं.

"सरका जरा," म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या.